ललिता पवार

ललिता पवार : (१८ एप्रिल १९१६ – २४ फेब्रुवारी १९९८). हिंदी व मराठी चित्रपटांतील ख्यातनाम चरित्रअभिनेत्री. मूकपटांच्या अखेरच्या पर्वात नायिका म्हणून पुढे आलेल्या ललिताबाईंनी पुढे अर्धशतकाहून अधिक काळ दुय्यम समजल्या जाणाऱ्या भूमिका केल्या. त्यांच्या चित्रपटांची संख्या सामान्यतः सातशेच्या आसपास सांगितली जाते. खाष्ट सासू, कजाग सावत्र आई, कारस्थानी वृद्धा या प्रतिमेशी त्यांचे नाव इतके निगडित झाले, की त्यांच्या कारकीर्दीचा पूर्वार्ध आणि याच चेहऱ्याने साकारलेल्या वत्सल स्त्रिया यांचा बहुतेकांना विसर पडला. चरित्रनटाचे स्थान भारतीय चित्रपटव्यवसायात कसे घडत गेले, हे त्यांच्या कारकीर्दीवरून विशेष स्पष्टपणे दिसते.

त्यांचा जन्म नासिक जिल्ह्यातील येवले येथे झाला. मूळ नाव अंबा. वडील लक्ष्मणराव सगुण हे रेशमी व सुती कापडाचे व्यापारी होते. पैठणीसाठी प्रसिद्ध असलेल्या येवल्यात या धंद्याला जुनी परंपरा आहे. पुण्यात नानासाहेब सरपोतदार यांच्या आर्यन फिल्म कंपनीत चित्रीकरण पाहावयास गेलेली ही मुलगी तेथेच कामाला लागली आणि ‘राजा हरिश्चंद्र’ (१९२८) या मूकपटात बालकलाकार म्हणून पडद्यावर आली. त्या काळी प्रतिष्ठित घरातील मुलींनी चित्रपटात काम करणे समाजाला मान्य नव्हते. दादासाहेब फाळके यांना १९१३ च्या ‘राजा हरिश्चंद्र’मध्ये तारामतीची भूमिका पुरुषाकडून करवून घ्यावी लागली होती. त्यास अवघी पंधरा वर्षे झाली असता, व्यापारी घराण्यातील मुलीने त्याच कथेवरील दुसऱ्या चित्रपटात काम करावे, ही गोष्ट लहान नव्हे.

मूकपटांत त्या ‘अंबू’ या नावाने ओळखल्या जात. या काळातील त्यांचे बहुतेक चित्रपट दिग्दर्शक गणपतराव पवार यांच्याबरोबरचे आहेत. त्यांच्याशीच पुढे त्यांचा विवाह झाला आणि पवार हे आडनाव त्यांना कायमचे चिकटले. नंतर त्यांनी निर्माते राजप्रकाश गुप्ता यांच्याशी विवाह केला, तरी व्यवसायात नाव तेच राहिले. गणपतराव पवार दिग्दर्शित ‘दिलेर जिगर’ (१९३१) हा पुण्याच्या अगरवाल फिल्म कंपनीचा मूकपट सुदैवाने टिकून राहिला आहे. भारतात मूकपटांच्या काळात सुमारे तेराशे चित्रपट निघाले व त्यांपैकी फारच थोडे आज पाहावयास मिळतात, हे लक्षात घेता या योगायोगाचे मोल कळेल. अमेरिकन साहसपटांच्या धर्तीवरील या तलवारबाजीच्या चित्रपटात अंबू हिने कसरतींचे खेळ करणाऱ्या नायकाच्या जोडीदारणीचे, सारंगेचे काम केले आहे. चपळ हालचाली, मोकळे हास्य आणि कॅमेऱ्यासमोरचा निःसंकोच वावर हे तिच्या अभिनयाचे विशेष होत. पुढील काळातील सासूची प्रतिमा मनात घेऊन हा चित्रपट पाहणाऱ्याला ती अंबू ओळखू येणे कठीण जाते.

ललिताबाई केवळ नटी म्हणून राहिल्या नाहीत. ‘कैलास’ (१९३२) या मूकपटाच्या निर्मितीत त्यांचा सहभाग होता. बोलपटांच्या आगमनानंतर ‘हिम्मत-ए-मर्दां’ (१९३५) मध्ये त्यांनी अभिनयाबरोबर गायनही केले. पार्श्वगायनाची पद्धत अद्याप रूढ व्हावयाची होती आणि नायिकेला स्वतःच्या आवाजात गाता येणे आवश्यक असे. टॉलस्टॉय यांच्या ‘पुनरुत्थान’ (मूळ रशियन ‘वस्क्रेसेनिये’) या कादंबरीवर आधारलेला ‘दुनिया क्या है’ (१९३८) हा बोलपट त्यांनी स्वतः निर्माण केला. वयाच्या विशी-बाविशीत परकीय साहित्यकृतीवर बोलपट काढण्याचे धाडस त्यांच्या पिढीतील फार थोड्या स्त्रियांनी दाखविले आहे. भालजी पेंढारकरांचा ‘नेताजी पालकर’ (१९३९) आणि मास्टर विनायक यांनी वि. स. खांडेकरांच्या कथेवरून काढलेला ‘अमृत’ (१९४१) हे त्यांचे त्या काळातील महत्त्वाचे चित्रपट होत. ‘अमृत’मधील चांभार स्त्रीची, सीतेची भूमिका येथे मुद्दाम नमूद केली पाहिजे. नायिकेचे सौंदर्य बाजूला ठेवून व्यक्तिरेखेचे कष्टकरी जीवन अंगी बाणविण्याची त्यांची तयारी या भूमिकेत दिसते व चरित्रअभिनयाचे बीज अपघातापूर्वीच रुजले होते, याचा तो पुरावा आहे.

हा अपघात १९४२ मध्ये ‘जंग-ए-आझादी’ या चित्रपटाच्या चित्रीकरणाच्या वेळी घडला. प्रसंगानुसार मास्टर भगवान यांनी त्यांना थप्पड मारावयाची होती. ती अनवधानाने इतकी जोरात बसली, की डाव्या डोळ्याची शीर फुटली आणि चेहऱ्याच्या त्या बाजूला अर्धांगवायूसारखा विकार जडला. काही वर्षे उपचार झाले. चेहरा सावरला, परंतु डावा डोळा कायमचा किंचित मिटलेला राहिला. नायिकेचा चेहरा हे चित्रपटव्यवसायाचे भांडवल मानले जात असल्याने नायिकेच्या भूमिका त्यांच्या हातून गेल्या. त्या वेळी त्या पंचविशीच्या आसपास होत्या.

एका थपडेने नायिकेची खलनायिका झाली, अशी ही कथा पुढे वारंवार सांगितली गेली. ती ऐकावयास सुटसुटीत असली, तरी अपुरी आहे. अपघाताने नायिकेचे दार बंद केले, एवढेच तिच्यावरून सिद्ध होते. दुसरे दार कोणते उघडावे हे अपघाताने ठरविले नव्हते. अशा प्रकारे पडद्यावरून बाजूला पडलेल्या नट-नटींची संख्या लहान नाही. ललिताबाईंनी प्रभात फिल्म कंपनीच्या ‘रामशास्त्री’ (१९४४) या चित्रपटात आनंदीबाईंची भूमिका स्वीकारली. ‘ध’ चा ‘मा’ करून नारायणराव पेशव्यांच्या वधास कारण झालेली स्त्री म्हणून आनंदीबाई मराठी लोकस्मृतीत ठसलेल्या आहेत. ललिताबाईंची आनंदीबाई आरडाओरडा करीत नाही. तिची महत्त्वाकांक्षा तिच्या स्थिर बसण्यात आणि तोलून टाकलेल्या शब्दांत आहे. न्यायाधीश रामशास्त्री प्रभुणे यांच्या भूमिकेतील गजानन जागीरदारांसमोर उभे राहणे सोपे नव्हते. ज्या नटीला नायिका म्हणून बाद ठरविण्यात आले होते, तिने ऐतिहासिक चित्रपटातील एक अवघड भूमिका पेलून दाखविली.

चरित्रनटाचा धंदा याच सुमारास बदलत होता. प्रभात, न्यू थिएटर्स, बॉम्बे टॉकीज यांसारख्या संस्थांमध्ये नट-नटी मासिक पगारावर असत आणि आज नायक झालेला नट उद्याच्या चित्रपटात लहान काम करी. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात व त्यानंतर स्वतंत्र निर्मात्यांची संख्या वाढली, पगारी व्यवस्था मोडकळीस आली आणि प्रत्येक चित्रपटासाठी स्वतंत्र करार होऊ लागले. नायक-नायिकांचे मोबदले झपाट्याने वाढले. चरित्रनटाला मात्र एकाच वेळी अनेक चित्रपट स्वीकारून, सकाळी एका स्टुडिओत आणि दुपारी दुसऱ्या स्टुडिओत शिफ्टमध्ये काम करून चरितार्थ चालवावा लागे. त्याच्याकडून अपेक्षाही वेगळी असे. पडद्यावर आल्याबरोबर तो कोण आहे हे प्रेक्षकाला कळावे, कथेने त्याच्या परिचयात वेळ दवडू नये, हे त्याचे काम. त्यामुळे एकदा जमलेली भूमिका पुनःपुन्हा त्याच्याच वाट्याला येई. सातशे चित्रपट हा आकडा या व्यवस्थेतून निर्माण होतो. तो नटाच्या उत्साहाइतकाच त्याच्या गरजेचाही निदर्शक असतो.

ललिताबाईंच्या बाबतीत ही ठराविक भूमिका सासूची ठरली. व्ही. शांताराम यांच्या राजकमल कलामंदिराचा ‘दहेज’ (१९५०) हा हुंड्याच्या प्रश्नावरील चित्रपट तिला कारणीभूत झाला. सुनेला छळणारी, मुलाला मुठीत ठेवणारी सासू त्यांनी इतक्या परिणामकारकपणे रंगविली, की हिंदी चित्रपटांत खाष्ट सासूचे काम म्हटले की निर्मात्यांसमोर प्रथम त्यांचेच नाव येऊ लागले. हुंडाबंदीचा कायदा १९६१ मध्ये झाला. त्याआधीच्या दशकात हा प्रश्न कोट्यवधी प्रेक्षकांसमोर मांडणाऱ्या चित्रपटांत ‘दहेज’ला स्थान आहे. मात्र येथे एक विसंगती दृष्टीस पडते. हुंड्याची प्रथा टिकविणारा पुरुषप्रधान कुटुंबाचा व्यवहार पडद्यावर बव्हंशी एका वृद्ध स्त्रीच्या दुष्टपणात साठविला गेला आणि सगळा दोष तिच्या माथी आला. ललिताबाईंच्या प्रभावी अभिनयाने या सोयीस्कर मांडणीला बळ मिळाले, हे मान्य करावयास हवे.

वयाच्या संदर्भात चित्रपटव्यवसाय स्त्रियांना कसे वागवितो, याचेही हे ठळक उदाहरण आहे. ‘दाग’ (१९५२) मध्ये त्या दिलीपकुमारच्या आई झाल्या. प्रत्यक्षात दोघांच्या वयांत सुमारे साडेसहा वर्षांचेच अंतर होते. ‘श्री ४२०’ (१९५५) च्या वेळी त्या अजून चाळिशीच्या आत होत्या. दुर्गा खोटे, लीला चिटणीस व पुढे सुलोचना यांनाही नायिकेकडून आईकडे असाच प्रवास करावा लागला. परंतु त्यांच्या वाट्याला बहुधा सोशिक, अश्रू ढाळणारी माता आली. ललिताबाईंना ती मुभा क्वचित मिळाली. उलट, रागावण्याचा, हसण्याचा, कारस्थान करण्याचा, विनोद करण्याचा जो अवकाश त्यांना लाभला, तो सोशिक मातांना मिळाला नाही.

दिग्दर्शक चाणाक्ष असेल, तेथे याच चेहऱ्यातून निराळे रसायन निघे. ‘श्री ४२०’मधील केळी विकणारी गंगामाई प्रथम खेकसते आणि लवकरच मुंबईत उपऱ्या आलेल्या नायकाची आई होऊन बसते. पदपथावर राहणाऱ्या गरिबांना स्वस्त घरांचे आमिष दाखवून लुबाडण्याचा बेत जेव्हा रचला जातो, तेव्हा प्रेक्षकाला त्या फसवणुकीची धग गंगामाईमुळे जाणवते. हृषीकेश मुखर्जी यांच्या ‘अनाडी’ (१९५९) मधील मिसेस डिसा ही या परंपरेतील त्यांची सर्वश्रेष्ठ भूमिका होय. घरभाड्यावरून नायकाला फटकारणारी आणि त्याच श्वासात त्याच्या जेवणाची चौकशी करणारी ही ख्रिस्ती घरमालकीण, नायकाच्याच मालकाच्या कारखान्यात बनलेल्या सदोष औषधाने मरण पावते. चित्रपटाचा सारा नैतिक भार या मृत्यूवर उभा आहे. मिसेस डिसा प्रेक्षकाला आपल्या घरातली वाटली नसती, तर उत्तरार्ध कोसळला असता. या भूमिकेसाठी त्यांना सर्वोत्कृष्ट साहाय्यक अभिनेत्रीचे फिल्मफेअर पारितोषिक मिळाले. साहाय्यक भूमिकांसाठीची ही पारितोषिके १९५५ पासून देण्यात येऊ लागली होती. पहिल्या वर्षी ती ‘बादबान’साठी उषाकिरण यांना आणि ‘बूट पॉलिश’साठी ठाण्याच्या बेने-इस्राएली समाजातील डेव्हिड यांना लाभली. म्हणजे आरंभापासून या प्रांतात मराठी मुलखातील कलावंतांचा वाटा मोठा होता.

गुरुदत्त यांच्या ‘मि. अँड मिसेस ५५’ (१९५५) मध्ये त्यांनी स्त्रीस्वातंत्र्याचा पुरस्कार करणाऱ्या सीतादेवीची भूमिका केली. हिंदू विवाह कायदा त्याच वर्षी झाला होता. घटस्फोटाच्या हक्काचा उपहास करण्यासाठी हे पात्र योजलेले असले, तरी आज चित्रपट पाहताना सीतादेवीचे अनेक युक्तिवाद नायिकेच्या शरणागतीपेक्षा अधिक सयुक्तिक वाटतात. बिमल रॉय यांच्या ‘सुजाता’ (१९५९) मध्ये अस्पृश्य मुलीचा स्पर्श टाळणारी सनातनी आत्या त्यांनी उभी केली. तिच्यात दुष्टपणा नाही. सवयीने अंगी मुरलेला आणि म्हणूनच अधिक अस्वस्थ करणारा सोवळेपणा आहे. ‘जंगली’ (१९६१) मधील घरात हसण्याला बंदी घालणारी आई आणि ‘प्रोफेसर’ (१९६२) मधील कडक शिस्तीची पालक या विनोदी भूमिका होत. ‘प्रोफेसर’मध्ये म्हाताऱ्याच्या वेषात आलेल्या तरुण शिक्षकावर ही करारी बाई जीव लावून बसते. केस रंगवून, लाजत मुरडत वावरणारी प्रौढा हास्यास्पद करणे सोपे होते. ललिताबाईंनी तिला एकटेपणाचा स्पर्श दिला आणि त्यामुळे हसणारा प्रेक्षक मध्येच थबकतो.

त्यांच्या अभिनयाचे तंत्र समजून घेण्यासारखे आहे. दुखावलेला डोळा त्यांनी झाकला नाही. मान किंचित वळवून त्या तो कॅमेऱ्यासमोर आणीत, भुवई वर उचलीत आणि संवाद सुरू करण्यापूर्वी क्षणभर थांबत. त्या विरामातच धमकी असे. वत्सल भूमिकेत हाच अर्धमिटला डोळा डोळा मिचकावल्याचा आभास निर्माण करी व रागाच्या शब्दांमागचे प्रेम उघडे पाडी. आवाज त्या खर्जात न ठेवता किंचित किनरा व धारदार ठेवीत आणि वाक्याचा शेवट तोडून टाकीत. पदर खोचणे, चष्मा सारखा करणे यांसारख्या घरगुती हालचालींना त्यांनी संवादाइतके महत्त्व दिले. अर्थात, सातशे चित्रपटांत हे सर्व ठिकाणी साधले असे म्हणता येत नाही. पुष्कळ चित्रपटांत लेखकाने काहीच दिलेले नसे आणि तेव्हा त्या ठरावीक हातखंड्यांवर प्रसंग निभावून नेत.

हृषीकेश मुखर्जी यांनी ‘मेमदीदी’ (१९६१) मध्ये त्यांना थेट शीर्षकभूमिका दिली. दोन गुंड आणि त्यांना वठणीवर आणणारी एक प्रौढ स्त्री, असा हा चित्रपट आहे. डेव्हिड व जयंत हे सोबतचे नटही चरित्रनटच. नायक-नायिकांना कडेला सारून चरित्रनटांनाच मध्यभागी आणणारे असे चित्रपट हिंदीत विरळा. त्याच दिग्दर्शकाच्या ‘आनंद’ (१९७१) मध्ये त्या रुग्णालयातील करड्या शिस्तीच्या मेट्रन झाल्या. या भूमिकेत मिसेस डिसाची आठवण जाणीवपूर्वक जागविलेली आहे. संगीत नाटक अकादमीने त्यांना १९६१ मध्ये पुरस्कार देऊन गौरविले.

त्यांच्या भूमिकांतील मंथरेचा स्वतंत्र उल्लेख करावयास हवा. ‘संपूर्ण रामायण’ (१९६१) या चित्रपटात त्यांनी ती प्रथम केली आणि पुढे पंचवीस वर्षांनी रामानंद सागर यांच्या ‘रामायण’ (१९८७-८८) या दूरदर्शन मालिकेत पुन्हा केली. तेव्हा त्यांनी सत्तरी ओलांडली होती. चरित्रनटाचा चेहरा ही एक प्रकारची भाषाच असते. पश्चिम खानदेशात, म्हणजे आजच्या नंदुरबार जिल्ह्याच्या परिसरात, घरोघरी अहिराणी, भिली, गुजराती अशा बोली बोलल्या जातात. अशा मुलखातील प्रेक्षकाला हिंदी संवादांतील बारकावे सगळेच कळत असतील असे नाही. पण ललिता पवार पडद्यावर आली, की घरात काहीतरी बिघडणार, हे सांगावे लागत नसे. मंथरेच्या भूमिकेत या ओळखीचा पुरेपूर उपयोग झाला. कैकेयीच्या कानाशी लागणारी कुबडी दासी पाहताना प्रेक्षकांच्या मनात त्यांच्या आधीच्या सर्व सासवा जाग्या होत असत. तथापि दूरदर्शनवरील त्यांची मंथरा केवळ कपटी नाही. आपल्या हातांनी वाढविलेल्या कैकेयीचे स्थान जाईल, या भीतीने ती पछाडलेली आहे. तिच्या कारस्थानाला मायेचे अस्तर आहे आणि अयोध्याकांडातील या प्रसंगाला त्यामुळे वजन येते.

लोकप्रियतेचा मोबदला चरित्रनटाला विचित्र रूपात मिळतो. नायकाला चाहते भेटतात, खलनायिकेला शिव्याशाप. प्रत्यक्षात ललिताबाई मूकपट, बोलपट, रंगीत चित्रपट आणि दूरचित्रवाणी या चारही अवस्थांत काम केलेल्या अगदी थोड्या भारतीय कलावंतांपैकी होत्या. त्यांच्या बरोबरीने आरंभ करणाऱ्या बहुतेक नायिका चौथ्या-पाचव्या दशकातच विस्मृतीत गेल्या. त्यांच्या बहुसंख्य चित्रपटांच्या श्रेयनामावलीत मात्र त्यांचे नाव नायक-नायिकांच्या नंतर, इतर नटांच्या रांगेतच आले.

अखेरच्या काळात कर्करोगाने त्या आजारी होत्या. पुणे येथील औंध भागात त्यांचे निधन झाले. ज्या शहरातील स्टुडिओत त्यांनी लहानपणी पहिले काम केले, त्याच शहरातील राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाने ‘दिलेर जिगर’ची प्रत जतन केली आहे. तीत अंबूचे दोन्ही डोळे सारखेच उघडे आहेत.